फुल्लच्या अलीकडे

पेट्रोलचा काटा खरं बोलतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्याकडे येऊन बसावं. गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायला लागून मला पंधरा वर्षं झाली. मरोळला, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत माझं गॅरेज आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या हातून गेलेला एकही काटा खरा नव्हता. चुकून नव्हे, मुद्दाम.

टाकीच्या आत एक दांडी असते आणि तिच्या टोकाला बुचाचा गोळा. पेट्रोल चढलं की गोळा तरंगत वर येतो, त्याच्याबरोबर दांडी वर येते आणि डॅशबोर्डवरचा काटा फुल्लकडे सरकतो. हे सगळं बसवताना ती दांडी मध्यावर बोटभर वाकवायची, ही आमच्या लाइनीतली रीत. मला ती कुंडलिक मिस्त्रींनी शिकवली. तेवढा बाक दिला की टाकीत गॅलनभर पेट्रोल शिल्लक असतानाच काटा रिकाम्यावर जातो. माणूस घाबरतो, पंप गाठतो, रस्त्यात अडकत नाही. मिस्त्री म्हणायचे, "काटा कमी बोलला तर गिऱ्हाईक पंपवाल्याला शिव्या देतं. जास्त बोलला तर आपल्याला." गिऱ्हाइकाला मात्र हे सांगायचं नाही. सांगितलं की तो शेवटचा गॅलनही वापरायला लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या रीतीत एकच खोट होती. टाकी काठोकाठ भरली तरी काटा फुल्लच्या जरा अलीकडेच थांबायचा. लोकांना वाटायचं पंपवाल्याने कमी घातलं. पंपवाल्यांना अशा बोलण्याची सवय असते. धोंडिरामकाकांना नव्हती.

धोंडिरामकाका माझे सख्खे काका नव्हेत. साताऱ्याकडच्या एकाच गावची आमची घरं. माझा बाप गेल्यावर मला मुंबईला आणलं ते त्यांनी, कुंडलिक मिस्त्रींच्या हाताखाली ठेवलं ते त्यांनी, आणि माझ्या लग्नात बापाच्या जागी उभे राहिले तेही तेच. मरोळच्या वस्तीत त्यांचं दार आणि माझं दार यांच्यात फक्त चार दारं. आमच्या बुद्धविहाराच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. वर्गणी त्या कपाटात, जयंतीचं सामान त्या कपाटात. दर वर्षी कमिटीवरून भांडणं व्हायची, माणसं बदलायची, पण किल्ली कोणाकडे हा प्रश्न कधी निघाला नाही.

काका जुहूला श्यामकांतसाहेबांकडे ड्रायव्हर होते. सतरा वर्षं. साहेबांची गाडी सत्तेचाळीस सालची हिलमन, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. बंगल्यात तिला वेगळी शेड होती आणि त्या शेडची फरशी आमच्या घरांपेक्षा स्वच्छ होती. काका नोकरीला लागले त्याच्या आधीपासून गाडीचा पेट्रोलचा काटा मेलेला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी बांबूची एक लांब, लवचिक कामटी तासून घेतली होती. टाकीच्या नळीतून ती आत सोडायची, बाहेर काढायची आणि ओल कुठपर्यंत आली ते बघायचं. चाकूने पाडलेल्या सात रेघा, एका गॅलनला एक. रोज सकाळी काका व्हरांड्याच्या पायरीखाली उभे राहून सांगायचे, "साहेब, चार रेघा." साहेब पेपरातून मान हलवायचे. सतरा वर्षांत त्या कामटीवर कोणी शंका घेतली नाही आणि गाडी एकदाही रस्त्यात थांबली नाही.

शहाऐंशी साल उजाडलं आणि साहेबांनी जुन्या गाड्यांच्या रॅलीत नाव घातलं. तिथे परीक्षक हॉर्नपासून वायपरपर्यंत सगळं चालू आहे का बघतात, मेलेल्या काट्याचे मार्क जातात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. काकांनी छाती पुढे काढून माझं नाव सुचवलं. "आमचा भीमराज हाय की, साहेब." मुंबईत तीस वर्षं काढूनही काकांची बोली गावचीच राहिली होती. जानेवारीत ते हिलमन घेऊन माझ्या गल्लीत शिरले तेव्हा चहावाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळे उठून उभे राहिले.

आधी काट्याची तपासणी केली. टाकीकडून आलेली वायर मागे सोडवली. या इंग्लिश गाड्यांत ती वायर मोकळी असली की काटा फुल्लवर जायला हवा आणि तीच गाडीच्या पत्र्याला टेकवली की रिकाम्यावर पडायला हवा. काका आत बसून चावी फिरवून बघत होते.

"गेला का वर?" मी मागून ओरडलो.

"गेला!"

"आता?"

"पडला की रं!"

म्हणजे काटा जिवंत होता, टाकीतलं युनिट, म्हणजे ती दांडी-गोळ्याची जोडणी, मेलं होतं. टाकी खाली उतरवली. आतलं पेट्रोल काढून टाकल्यावर सोड्याच्या उकळत्या पाण्याने तीनदा खळखळून धुतली. न धुता टाकीवर सोल्डर लावणारा एक जण कुर्ल्याला होता; त्याच्या गॅरेजचा पत्रा पलीकडच्या गल्लीत सापडला होता. नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि बुडबुडे कुठे येतात ते बघितलं. दोन जागी आले, तिथे सोल्डर लावला. मग सहा स्क्रू काढून युनिट बाहेर घेतलं. बुचाचा गोळा चाळीस वर्षं पेट्रोल पिऊन जड झाला होता, पाण्यात टाकला तर तळाला गेला. इस्टेटमधल्या औषधाच्या कारखान्यातून बरणीचं मोठं बूच आणलं, त्याचा नवा गोळा कापला आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे तीन हात दिले. चपडा लावलेल्या बुचात पेट्रोल शिरत नाही. काका ते दोरीवर टांगलेलं बूच बघत बसायचे, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तसे.

चौथ्या दिवशी सगळं जोडलं. मी मापाने एकेक गॅलन ओतत होतो, काका कामटी सोडत होते आणि आत जाऊन काटा बघत होते. तीन गॅलन झाल्यावर ते बाहेर आले.

"भीमा, कामटी तीन सांगती. काटा दोनच्या वर जाईना."

"असू दे, काका. मुद्दाम ठेवलाय. उद्या रॅलीत साहेबांची गाडी बंद पडली तर?"

काका हसले. "बराबर. मिस्त्रीचाच चेला तू."

त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

रॅलीच्या आदल्या शनिवारी साहेबांनी मला जुहूला बोलावलं. दिवे एकदा बघून दे म्हणाले. गेलो तर व्हरांड्यात त्यांचे तीन मित्र बसलेले. तिघांकडेही जुन्या गाड्या आणि तिघांच्याही गाडीत काही ना काही बिघडलेलं. साहेबांनी माझी ओळख करून दिली. "हा भीमराज. पोराच्या हातात जादू आहे." आणि मला व्हरांड्यात वर बोलावून चहा दिला. बशीवरच्या कपात. काकांचा चहाचा ग्लास सतरा वर्षं शेडच्या कोनाड्यात पालथा असायचा, हे मला माहीत होतं. तरी तो कप हातात आल्यावर मी सुखावलो. खोटं कशाला बोलू? चांगलाच सुखावलो.

काका खाली गाडीचं बॉनेट पुसत होते. उद्या घालायचा पांढरा युनिफॉर्म शांताकाकूंनी दोनदा इस्त्री करून ठेवला होता. डोक्याला लाल फेटा बांधायचा म्हणून वस्तीतल्या बँडवाल्याकडून शिकूनही आले होते. तासभर फेटा बांधायचा, सोडायचा, असं चाललं होतं. आम्ही सगळ्यांनी चेष्टा केली होती, "काका, दुसरं लग्न करताय काय?"

"भीमराज," साहेब म्हणाले, "एक विचारतो. हा काटा बरोबर दाखवतो ना? अगदी फुल्लपर्यंत?"

तिघे माझ्याकडे बघत होते. तीन गाड्या माझ्याकडे बघत होत्या म्हणा. मी कप सावरला आणि म्हणालो, "घड्याळ चुकेल साहेब, काटा चुकणार नाही."

तिघेही हसले. खाली बॉनेटवरचा फडक्याचा आवाज थांबला.

"ऐकलंस, धोंडिराम?" साहेब म्हणाले. मग मित्रांकडे वळले. "गेल्या आठवड्यात टाकी फुल्ल करून आणायला पाठवलं. पावती फुल्लची, काटा मात्र एवढा खाली. काल पुन्हा तेच. पंपापासून बंगल्यापर्यंत चार लिटर पेट्रोल जातं कुठे?"

तेव्हा मला कळलं की प्रश्न माझ्या कामाबद्दल नव्हताच.

काका पायरीपाशी आले. हातात कामटी होती. "साहेब, ही टाकून बघा. सात रेघा भरल्यात."

"कामटी तुझी. रेघाही तूच पाडलेल्या."

काकांनी कामटी खाली केली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपली बस यायची वेळ झालेली असते आणि आपण रस्त्याच्या वळणाकडे बघतो ना, तसं.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, दांडी मी वाकवली आहे. सहा स्क्रू काढले असते तर दिसलं असतं. पण ते म्हणायचं म्हणजे घड्याळाचं वाक्य गिळायचं आणि ज्यांच्या गाड्या उद्या माझ्या गल्लीत येणार होत्या त्या तिघांसमोर सांगायचं की हा पोरगा प्रत्येक काटा खोटा बसवतो. मी मनाशी म्हटलं, नंतर सांगू, साहेबांना एकट्याला गाठून. आणि मी चहाचा घोट घेतला. त्या वेळी मी केलं ते एवढंच.

"मी पोलीसबिलीस करणार नाही," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट मऊ केला. "सतरा वर्षं झाली. चावी ठेव आणि जा."

काकांनी हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं, त्याची घडी केली आणि तिच्यावर चावी ठेवली, रंगाला चरा पडू नये म्हणून. कामटी डिकीत तिच्या जागेवर ठेवली. मग फाटक लावून निघून गेले. फाटकाची कडीसुद्धा नीट घातली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरीच नव्हती.

रॅलीत काकांच्या जागी साहेब स्वतः बसले आणि शेजारी मी. एका परीक्षकाने वाकून काटा बघितला आणि अंगठा दाखवला. गाडीला दुसरं बक्षीस मिळालं. फोटोत मी आहे, दात काढून. सोमवारी सांगू म्हटलं होतं. सोमवारी पहिल्या मित्राची गाडी आली. मग म्हटलं ही तेवढी हातावेगळी करू. मग दुसरी आली. महिन्याभरात माझ्या गल्लीला 'जुन्या गाड्यांवाल्याची गल्ली' असं नाव पडलं.

वस्तीत बातमी माझ्याआधी पोचली होती. जुहूचे ड्रायव्हर आणि मरोळचे ड्रायव्हर एकाच पंपावर भेटतात. 'तुझा काका पेट्रोल मारायचा म्हणे,' असं मला चहाच्या टपरीवर एकाने हसत विचारलं. मी त्याची कॉलर धरली. कॉलर धरणं सोपं असतं. काकांनी पुढच्या रविवारी विहारात जाऊन कपाटाची किल्ली कमिटीसमोर ठेवली. कोणी मागितली नव्हती. "बोट दाखवलेल्या माणसाकडं किल्ली नगं," एवढंच म्हणाले आणि पंचशील म्हणायला नेहमीसारखे पुढच्या रांगेत न बसता मागे दाराशी बसले.

ड्रायव्हरची नोकरी त्यांना कुठेच मिळाली नाही. आधीच्या साहेबांची चिठ्ठी आण म्हणायचे लोक. दोन महिन्यांनी ते आमच्याच इस्टेटच्या एका गेटवर वॉचमन लागले. खाकी शर्ट, हातात दांडकं. कामगार सुटताना त्यांच्या पिशव्या आणि डबे उघडून बघायचे, कोणी माल चोरून नेत नाही ना. ज्याने ही ड्यूटी लावली त्याला काही माहीत नव्हतं, पण असा सूड ठरवून घेता आला नसता.

मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाने जायला लागलो.

एकदा मात्र नळावर शांताकाकू भेटल्या. हंडा भरत होता, त्याच्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "भीमा, तू हुतास नव्हं तिथं? ह्यांनी खरंच घेतलं व्हतं का रं?"

तीस वर्षं संसार केलेली बाई विचारत होती. ज्या माणसाने विहाराच्या वर्गणीतला दोराही घरी आणला नाही, त्याच्याबद्दल. मला रडायला आलं आणि रागही आला, त्यांचा नाही, पण त्या क्षणी त्यांच्यावरच काढला.

"काय बोलता, काकू? काका असं करतील का?"

"मंग काटा?"

"मशीन आहे, काकू. मशीनचं काय सांगता येतं?" आणि मी माझा अर्धा भरलेला हंडा उचलून निघालो.

दिवाळीच्या आधी श्यामकांतसाहेब स्वतः हिलमन चालवत माझ्या गॅरेजात आले. मी खुर्ची पुसून दिली, ते बसले.

"भीमराज, काट्यात जरा फरक वाटतो. काल मी स्वतः पंपावर उभा होतो. काठोकाठ भरून घेतलं, नळी माझ्या हातात होती. तरी काटा फुल्लच्या अलीकडेच. आधी व्हायचं तसाच."

म्हणजे यांना कळलं होतं. कालपासून कळलं होतं. मी मागे गेलो, डिकी उघडली, चटई काढली. स्टेपनीच्या मागे काकांची कामटी होती, फडक्यात गुंडाळलेली, तशीच. सहा स्क्रू काढले. दांडी बाहेर घेतली. बाक माझ्यासमोर होता, माझ्याच हाताचा. पकडीने दांडी सरळ केली. दोन मिनिटांचं काम.

युनिट हातात घेऊन मी साहेबांसमोर आलो. मनात ठरवलं होतं, आता बोलायचंच. पण सुरुवात भलतीकडून झाली.

"साहेब, मग धोंडिरामकाकांनी घेतलं नव्हतं."

"हो," साहेब म्हणाले. "माझ्याही मनात आलं ते." चष्मा काढून पुसला. "पण आता काय करणार? नवा माणूस चांगला रुळलाय. आणि भीमराज, सतरा वर्षांत कधीतरी घेतलंच असेल की त्याने. सगळेच घेतात."

मी शेजारचा पाना उचलला. पण पाना कुणाच्या डोक्यात घालायचा ते ठरेना, कारण गाडीच्या काचेत मला दोन डोकी दिसत होती आणि त्यातलं एक माझं होतं.

"बिघडलं होतं तरी काय?" साहेबांनी विचारलं.

"बूच भिजलं होतं, साहेब." साहेबांशी मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. आता समोर तीन मित्र नव्हते, हातात कप नव्हता, कोणी हसणार नव्हतं. तरी बोललो.

"होतं असं. तुझी काही चूक नाही," म्हणाले साहेब आणि मी युनिट परत बसवल्यावर गाडी घेऊन गेले. काटा फुल्लवर होता, अगदी रेघेवर.

कामटी मी काढून घेतली होती. ती पिशवीत मावेना, अर्धी बाहेर राहिली. तशीच घेऊन संध्याकाळी पाचच्या सुमाराला काकांच्या गेटवर गेलो. ते स्टुलावर बसून बाटलीतलं पाणी पीत होते. आठ-नऊ महिन्यांत गाल आत गेले होते. मला बघून उठले नाहीत, पण तोंडही फिरवलं नाही.

"काका, साहेबांना कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही घेतलं नव्हतं ते. काट्यात फरक होता ते."

काकांनी बाटलीचं झाकण लावलं. "मंग? बोलवलंय?"

मी मान हलवली. नाही.

"फरक कशानं हुता, ते सांगितलंस?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणालो, "सांगितलं, बूच भिजलं होतं."

काका बराच वेळ रस्त्यावरचा टेम्पो मागे घेणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत राहिले. त्याला जमत नव्हतं. जमलं तेव्हा बोलले.

"त्या शनिवारच्या आदल्या दिशी मीच साहेबाला म्हनलो हुतो. म्हनलो, साहेब, काटा कमी दावतो, भीमानं तसाच बसवलाय, गाडी अडकू नये म्हनून. त्यास्नी पटंना. म्हनले, तू त्याच्याच वस्तीतला, त्याचं नाव पुढं करतोस. तवा मी म्हनलो, मंग उद्या त्यालाच बोलवा. मी काय बोललो ते सांगू नका. नुसतं इचारा, काटा बराबर हाय का." त्यांनी बाटली स्टुलाखाली ठेवली. "म्हनलो, त्यो पोरगा खोटं बोलणार न्हाय. मी वाढवलाय त्याला."

मला वाटत होतं त्यांच्यावर आळ काट्यामुळे आला. तसं नव्हतं. काट्याने फक्त शंका आणली होती. शिक्कामोर्तब मी केलं होतं, कप हातात घेऊन. दिवे बघायला मला बोलावलेलंच नव्हतं. मला साक्षीला बोलावलं होतं आणि साक्षीदार काकांनी निवडला होता.

पाया पडावं असं वाटलं. पण कसं पडणार? पाया पडण्याचाही काही हक्क लागतो. मी कामटी पुढे केली. "ही तुमची. आणली."

काकांनी ती घेतली. अंगठा खालपासून वरपर्यंत रेघांवरून फिरवला. सातव्या रेघेवर थांबला. क्षणभर मला वाटलं, ठेवून घेतील.

"गाडीतनं काढलीस?"

"हो."

"साहेबाला इचारून?"

"काका, तुमचीच आहे ती. तुम्ही तासलेली."

"साहेबाच्या गाडीत हुती म्हंजे साहेबाची. न इचारता काढली, म्हंजे चोरी झाली." त्यांनी कामटी माझ्या हातात परत दिली. आवाजात काही नव्हतं, ना राग ना माया. रोज पिशव्या उघडायला सांगतात तो आवाज. "जा. जिथनं काढली तिथं ठिऊन ये. आन् साहेबानं इचारलं कशापायी काढली हुती, तर समदं सांग. पैल्यापासनं."

भोंगा झाला. कामगार डबे घेऊन बाहेर यायला लागले. काका उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि पहिल्या माणसाची पिशवी उघडायला सांगितली. मला म्हणाले, "बाजूला हो रं, रस्ता अडवू नगं."

मी रिक्षा केली. जुहूला जायचं म्हणून सांगितलं. हायवेच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, "परत मरोळला घे." त्याने आरशातून बघितलं आणि रिक्षा वळवली.

याला आता तीन वर्षं होतील. काका अजून त्याच गेटवर आहेत. विहाराची किल्ली दुसऱ्याकडे आहे आणि गेल्या वर्षी जयंतीच्या सामानातले दोन पेट्रोमॅक्स गायब झाले, त्यावरून रोज भांडणं चालतात. मी दांडी वाकवणं सोडलं. काटा खरा ठेवतो आणि गिऱ्हाइकाला तसं सांगतोही. लोक ऐकत नाहीत, शेवटच्या थेंबापर्यंत चालवतात, पवईच्या चढावर अडकतात आणि येऊन मला शिव्या देतात. मी ऐकून घेतो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

कामटी गॅरेजात मीटरबोर्डाच्या मागे उभी आहे. परवा एका गिऱ्हाइकाने ती ओढून बाहेर काढली. "ही कसली काठी, भीमराज?"

"पेट्रोल मोजायची."

"बरोबर दाखवते?"

"एकदम बरोबर," मी म्हणालो. "हिने कधीच खोटं सांगितलं नाही."

त्याने ती परत ठेवली आणि आपल्या हॉर्नचं काय झालं ते विचारायला लागला. हे वाक्य ज्याला सांगायचं होतं तो माणूस जुहूला राहतो. मरोळहून रिक्षाने अर्धा तास लागतो. मी अजून गेलेलो नाही.